मध काढलेल्या ओल्या फ्रेमा उघड्यावर ठेवू नका



डोंगळ्याचा हंगाम उरकत आला. गोंडे वाळायला लागलेत, पेट्यांतला मध काढून झाला, डबे भरून ठेवले. आता मधमाश्या पाळणाऱ्या प्रत्येकाच्या पडवीत एकच पसारा दिसतो, यंत्रात फिरवून रिकाम्या झालेल्या पण मधाने चिकट असलेल्या फ्रेमांचा. त्यांचं करायचं काय, असं या महिन्यात मला चार-पाच जणांनी फोन करून विचारलं. फोनवर एवढं सगळं सांगता येत नाही, म्हणून आज सविस्तर लिहितो.

आधी उत्तर सांगतो, मग कारण. ह्या फ्रेमा माशीकडूनच साफ करून घ्यायच्या. पाण्याने धुवायच्या नाहीत. पण साफ करून घ्यायच्या त्या पेटीच्या आत, दिवस मावळताना, पेटीचं दार बारीक करून. बांधावर, झाडाखाली, पाटाच्या कडेला उघड्यावर मांडून नाही.

नवीन वाचकांसाठी थोडं माझ्याबद्दल. नाशिक जिल्ह्यात दिंडोरीच्या बाजूला आमचा मळा आहे. कांदा, गहू, टोमॅटो आणि दरवर्षी दीड एकर डोंगळे असतात. मेलिफेरा माशीच्या १८ पेट्या आहेत. पेट्या आणल्या त्या उळ्यासाठी, मध हा वरचा फायदा. कांद्याच्या फुलात पराग आधी सुटतो आणि त्याच फुलाचं स्त्रीकेसर नंतर तयार होतं. म्हणजे फुलाचं स्वतःचं स्वतःवर भागत नाही, एका फुलाचा पराग दुसऱ्यावर कुणीतरी न्यावा लागतो. ते काम माशी करते. त्यात कांद्याच्या मधुरसात पोटॅशियम जास्त असतं, माशीला तो फारसा आवडत नाही. शेजारी दुसरं काही गोड फुललं की ती तिकडे पळते. म्हणून डोंगळ्याला पेट्या जास्त लागतात, आणि आमच्या भागात जानेवारीपासून मार्चपर्यंत भाड्याच्या पेट्यांचे ट्रक येतात. हे मुद्दाम सांगतोय, कारण एकाच शिवारात चार जणांच्या पेट्या असतात आणि पुढची सगळी गोष्ट त्यावरच आहे.

आता फ्रेमेकडे येऊ. यंत्र कितीही जोरात फिरवा, घरांच्या भिंतींना मधाचा पातळ थर राहतोच. गेल्या वर्षी मी दहा ओल्या फ्रेमा साफ करण्याआधी आणि नंतर काट्यावर ठेवून बघितल्या. पाऊण किलोच्या आसपास फरक आला. माझ्या १८ पेट्यांचा हिशोब धरला तर १२-१३ किलो मध फ्रेमांनाच चिकटून असतो. मध काढल्यावर पेटीला साखरेचा पाक द्यायला लागतो, मग हा मध वाया घालवायचा कशाला?

आणि मधापेक्षा महाग आहे ते पोळं. एक किलो मेण तयार करायला माश्या साधारण सहा ते आठ किलो मध खातात, असा मधपाळांत मान्य असलेला हिशोब आहे. मेणपत्रा लावला तरी वरच्या भिंती माशीलाच उभ्या कराव्या लागतात. बांधून तयार असलेलं पोळं पुढच्या हंगामात दिलं की माशी पहिल्या दिवसापासून मध भरते. म्हणून मी म्हणतो, मध विकला जातो, पण पेटीवाल्याचं खरं भांडवल म्हणजे त्याची बांधलेली पोळी.

ओली फ्रेम तशीच ठेवली तर काय होतं? मध हवेतलं पाणी ओढतो. पाणी वाढलं की तो आंबतो, फसफसतो. पावसाळ्यात त्यावर बुरशी धरते. मुंगळे, झुरळं, उंदीर सगळे त्या वासावर येतात. पाण्याने धुतली तर पाणी घरांच्या तळाशी राहतं, ते लवकर वाळत नाही, आणि मऊ पोळं हाताळताना तुटतं. माशी मात्र जीभ घालून प्रत्येक घर कोरडं करते, भिंत कुठे फाटली असेल तर तीही नीट करते. हे काम आपल्या कुठल्या यंत्राने होणार नाही.

मग उघड्यावर ठेवायला काय हरकत आहे, असं बरेच जण विचारतात. मोबाईलवर असे व्हिडिओही फिरतात. फ्रेमा गवतावर मांडल्या, दहा मिनिटांत माश्यांनी काळ्या झाल्या, दोन-तीन तासांत साफ. बघायला छान वाटतं. त्यानंतर शिवारात काय होतं ते व्हिडिओत दिसत नाही.

माशीला खाणं सापडलं की ती पेटीत येऊन नाचून बाकीच्यांना सांगते. कार्ल फॉन फ्रिश या शास्त्रज्ञाने हा नाच उलगडला, त्यांना १९७३ साली नोबेल मिळालं. फूल लांब असेल तर माशी पोट हलवत सरळ रेघेत चालते, त्यावरून दिशा आणि अंतर दोन्ही कळतं. पण खाणं अगदी जवळ असेल, साधारण पन्नास मीटरच्या आत, तर ती नुसती गोल गोल फिरते. त्या नाचातून पत्ता नीट मिळत नाही. एवढंच कळतं की जवळच आहे आणि वास असा असा आहे. मग पेटीतल्या हजारो माश्या बाहेर पडतात आणि मधाचा वास जिथून येईल तिथे घुसायला बघतात. मधाचा वास फ्रेमांना येतो तसा शेजारच्या पेटीच्या दारातूनही येतो. ताकदवान पेटीचे पहारेकरी त्यांना हाकलतात. कमजोर पेटीला ते जमत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे, फ्रेमा दोन तासांत कोरड्या झाल्या तरी माशी घरी जाऊन गप्प बसत नाही. सकाळी इथे फुकट मिळालं, आता कुठे आहे, म्हणून ती दिवसभर हुंगत फिरते. फुलोरा जोरात असेल तर एक वेळ फुलावर जाईल. पण आपण मध काढतो तो नेमका फुलोरा संपताना. डोंगळा वाळलेला, निंब-करंज तुरळक, ऊन वाढलेलं, रानात काही नाही. लूटमार पेटायला याच्याइतका वाईट वेळ दुसरा नाही.

गेल्या वर्षी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आमच्या शिवारात हे घडलं.

माझ्या मळ्याला लागून आमच्या वहिनींचा मळा आहे. सख्ख्या नाहीत, पण त्यांचे मालक आणि मी एका वर्गात होतो. ते गेल्यापासून वहिनी एकट्या सव्वा एकर बघतात. काकडी, दोडका, कारली, सगळा वेलवर्गीय माल. त्यांच्याकडे सातेरीच्या दोन पेट्या होत्या. सातेरी म्हणजे आपली देशी माशी, अंगाने लहान, पश्चिमेकडच्या डोंगरात झाडाच्या ढोलीत राहणारी. मेलिफेरा परदेशी आहे. ती १९६२ साली नगरोटा बागवानला, म्हणजे आजच्या हिमाचलमध्ये, पहिल्यांदा नीट रुजवली आणि तिथून देशभर पसरली. वहिनींनी सातेरीचं मोहोळ पडक्या विहिरीच्या भिंतीतून काढून पेटीत भरलेलं. त्याचं दोन वर्षांनी दुसरं झालं. वर्षाला पाच-सहा किलो मध निघायचा, आणि वाकडी काकडी कमी निघायची. वहिनी म्हणायच्या, "मध मिळाला नाही तरी चालेल भाऊजी, काकडी सरळ येते ना, बास."

त्या हंगामात एक पेटीवाला १२० पेट्या घेऊन आमच्याकडे भाड्याने आला होता. माणूस कष्टाळू होता. त्याने मध काढला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला सगळ्या ओल्या फ्रेमा पाटाच्या कडेला उघड्यावर मांडल्या. वहिनींच्या पेट्या तिथून दोनशे मीटरवर होत्या.

बाराच्या पुढे वहिनींचा फोन आला. "भाऊजी, लवकर या, पेटीवर धाड पडलीय."

गेलो तर पेटीच्या तोंडाशी ढगासारखा घोळका. मोठ्या पिवळ्या माश्या सातेरीच्या दारातून आत घुसत होत्या. दारापुढे माश्या एकमेकींना धरून लोळत होत्या, जमिनीवर मेलेल्यांचा थर आणि मेणाचा भुगा पडलेला. पेटीच्या फटीफटीला माश्या नाक लावून बसलेल्या. दुसऱ्या पेटीवर नुकतीच सुरुवात झाली होती. तिचं दार आम्ही एक माशी जाईल एवढंच ठेवलं, बाकी चिखलाने लिंपलं. दोन चादरी ओल्या करून पेटीवर जमिनीपर्यंत टाकल्या आणि त्यावर पाणी मारत राहिलो. पहिल्या पेटीलाही तेच केलं, पण तोपर्यंत आतली पोळी फाटलेली होती.

माश्या कुणाच्या हे बघायला मी वहिनींकडून गव्हाचं पीठ घेतलं आणि पहिल्या पेटीतून बाहेर पडणाऱ्या माश्यांवर भुरभुरवलं. ही जुनी युक्ती आहे. पांढऱ्या माश्या कुठे परततात ते बघायचं. पोराला पेटीवाल्याच्या पेट्यांकडे पाठवलं आणि मी माझ्या पेट्यांपाशी जाऊन उभा राहिलो. पांढऱ्या माश्या दोन्हीकडे उतरल्या. जास्त त्याच्याकडे, पण माझ्या चार पेट्यांतही उतरल्या. फ्रेमा मी मांडल्या नव्हत्या, तरी माझ्या माश्याही त्या लुटीत होत्या. एकाने वाट उघडली की सगळ्या शिवाराच्या माश्या त्या वाटेने जातात.

त्याच दुपारी अजून एक झालं. पाण्याच्या टाकीला आग्या मोहोळ होतं. त्या आग्याच्या माश्याही पाटाच्या फ्रेमांवर आल्या. शेजारच्या वावरात बाया गोंडे खुडत होत्या. एकीला दोन ठिकाणी डंख बसला आणि सगळ्यांनी काम टाकून घर गाठलं. बरं झालं, एवढ्यावरच निभावलं. आग्या चवताळला तर काय होतं ते सांगायला नको.

रात्री आठ वाजता आम्ही वाचलेली पेटी बंद करून वहिनींच्या भावाच्या मळ्यात, चार किलोमीटरवर नेऊन ठेवली. लुटलेल्या पेटीत थोड्या माश्या आणि राणी शिल्लक होती. सातेरीचा स्वभाव असा की घराला धोका वाटला की ती घर सोडते. दुसऱ्या दिवशी दहा वाजता पेटी रिकामी. पिल्लांची पोळी तशीच सोडून वसाहत उठून गेली.

संध्याकाळी मी पेटीवाल्याकडे गेलो. भांडायला नाही, बोलायला. तो म्हणाला, "काका, माशी माझी, मध माझा. ती दुसऱ्याच्या पेटीत गेली त्यात माझा काय दोष? माशीला मी काय दावं बांधू?"

मी म्हणलं, "माशीला दावं बांधता येत नाही, खरं आहे. पण वैरण कुठं टाकायची ते आपल्या हातात असतं."

तो जरा वेळ गप्प बसला. मग त्याने त्याची अडचण सांगितली, आणि ती खरी होती. १२०० फ्रेमा, तीन माणसं, दोन दिवसांनी ट्रक. प्रत्येक पेटी उघडून फ्रेमा आत द्यायच्या, परत काढायच्या, एवढा वेळ कुठून आणायचा? त्यावर मी दोन गोष्टी सांगितल्या. ज्या दिवशी मध काढतो त्याच संध्याकाळी फ्रेमा परत चढवल्या तर पेटी एकदाच जास्त उघडावी लागते. आणि तेवढाही वेळ नसेल तर ओल्या फ्रेमा पेट्यांत भरून, वरखाली प्लॅस्टिक कागद बांधून, तशाच पुढच्या मुक्कामाला न्यायच्या आणि तिथे संध्याकाळी द्यायच्या. दोन दिवसांत त्या खराब होत नाहीत.

त्याने वहिनींना दीड हजार रुपये दिले. त्यांनी घेतले, आणि घ्यायलाच पाहिजे होते. पण एप्रिलमध्ये सातेरीची वसाहत दीड हजारात काय, पाच हजारात पण मिळत नाही. उन्हाळी काकडीला त्यांच्या मळ्यात एकही पेटी नव्हती, कारण वाचलेली पेटी परत आणायला त्यांचं धाडस होईना. पावसाळा संपल्यावर त्या एका पेटीतून वाढ होऊन परत दोन झाल्या. म्हणजे एका सकाळच्या सोयीसाठी दुसऱ्याचे सहा-सात महिने गेले.

आणि गेलेली वसाहत हे दिसणारं नुकसान झालं. न दिसणारं म्हणजे रोग. कमजोर पेटी बऱ्याचदा रोगामुळेच कमजोर असते. तिला लुटायला गेलेली माशी मधाबरोबर रोगाचे जंतू आणि अंगावर बसून आलेले व्हरोआ कोळी घरी घेऊन येते. उघड्यावरच्या फ्रेमांवर तर दहा घरच्या माश्या एकाच ताटात जेवतात. १९९१-९२ च्या सुमारास थाई सॅकब्रूड नावाच्या विषाणूने दक्षिण भारतात सातेरीच्या वसाहती एवढ्या मारल्या की गावंच्या गावं रिकाम्या पेट्या घेऊन बसली. त्यात अळी कातडीच्या पिशवीत पाणी भरल्यासारखी होऊन मरते. असा रोग शिवारात आला तर तो कुणाच्या पेटीपासून आला हे शोधूनही सापडत नाही. त्यामुळे ही खबरदारी सगळ्यांनी घेतली तरच उपयोगाची आहे.

आता मी कसं करतो ते सांगतो.

एक. पेट्यांना रंगाने नंबर टाकलेत. सुपरला पण तोच नंबर. मध काढताना फ्रेम ज्या नंबरची त्याच नंबरच्या सुपरमध्ये परत जाते. एका पेटीची फ्रेम दुसऱ्या पेटीला द्यायची नाही. एखादीत काही रोग असेल तर तो तिथेच राहतो.

दोन. मध बंद खोलीत काढायचा, दारं-खिडक्यांना जाळी पाहिजे. ओल्या फ्रेमांचे सुपर एकावर एक रचून खाली पत्रा आणि वर झाकण. मधाचा थेंब अंगणात सांडला तर लगेच पाणी टाकून धुवायचा. माशीला दिवसा वास लागू द्यायचा नाही.

तीन. दिवस मावळायच्या अर्धा तास आधी कामाला लागायचं. त्या वेळी माशी फुलावरून परतलेली असते. तिने कितीही नाच केला तरी बाहेर अंधार पडतो आणि रात्रभर काम घरातल्या घरात होतं. सकाळपर्यंत बराच मध खाली गेलेला असतो.

चार. खालच्या पेटीवर सुपर थेट ठेवायचा नाही. मध्ये पडदा पाहिजे. मी प्लायवूडचं झाकण टाकतो, त्याला मध्यभागी रुपयाच्या नाण्याएवढं भोक आहे. ते नसेल तर जाड पोत्याचा तुकडा अंथरून एक कोपरा दोन बोटं दुमडायचा. वर ओल्या फ्रेमांचा सुपर, त्यावर वरचं झाकण घट्ट. थेट ठेवलं तर माश्या वरची जागा आपल्याच घराची समजतात आणि मध तिथेच राहू देतात. वाट बारीक आणि मध्ये पडदा असला की त्यांना ते घराबाहेरचं सापडलेलं खाणं वाटतं. मग त्या ते उचलून खाली आपल्या पिल्लांजवळ नेतात. सगळी युक्ती ह्या पडद्यात आहे.

पाच. फ्रेमेत कुठे सीलबंद मध राहिला असेल तर काट्या-चमच्याने सील ओरखडायचं. बंद मध माशी लवकर हलवत नाही.

सहा. पेटीचं दार दोन बोटांएवढं करायचं. सुपरला फट, तडा, कुजलेला कोपरा असेल तर आधी चिखल किंवा मेण लावून बुजवायचा. लुटारू माशी दारातून कमी आणि फटीतून जास्त शिरते.

सात. फक्त ताकदवान पेटीवर ठेवायचं. आठ फ्रेमा माश्यांनी भरलेली असेल तरच. कमजोर पेटीवर मधाने ओला सुपर ठेवणं म्हणजे घरात एकटी म्हातारी आणि दार सताड उघडं, असं होतं. कमजोर पेटीच्या फ्रेमा मी बांधून ठेवतो, ती सावरली की देतो.

आठ. तिसऱ्या दिवशी सकाळी लवकर, ऊन चढायच्या आत, थोडा धूर देऊन सुपर काढायचा. फ्रेम हातात हलकी लागते आणि घरं कोरडी दिसतात. नवीन मध चमकताना दिसला तर एक तर बाहेर फुलोरा आहे किंवा मधली वाट मोठी झालीय. वाट बारीक करून अजून दोन दिवस ठेवायचं.

कुठल्या फ्रेमा माशीला द्यायच्याच नाहीत तेही लक्षात ठेवा. मेलेल्या किंवा पळून गेलेल्या पेटीतल्या, जोपर्यंत कारण कळत नाही तोपर्यंत. कुजका वास येणाऱ्या किंवा अळ्या मेलेल्या. मध आंबून फेस आलेल्या. आणि दुसऱ्याकडून स्वस्तात घेतलेल्या जुन्या फ्रेमा. फाउलब्रूडमधला अमेरिकन प्रकार असा आहे की त्याचे बीजाणू मधात आणि मेणात कित्येक वर्षं जिवंत राहतात. अशा फ्रेमांचं मेण वितळवण्याचा मोह नको, खड्डा करून जाळून वर माती लोटायची.

फ्रेमा कोरड्या झाल्यावर अर्धं काम झालं. पुढचा शत्रू मेणकिडा. त्याचा पतंग रात्री येऊन अंडी घालतो, अळी पोळ्यात जाळी करत फिरते, महिन्याभरात फ्रेमेची चाळण होते. पिल्लांची जुनी काळी पोळी त्याला जास्त आवडतात, नुसत्या मधाची पांढरी पोळी कमी. म्हणून दोन्ही वेगळी ठेवायची. मेणकिड्याला उजेड आणि वारा सोसत नाही, तेव्हा मी फ्रेमा मोकळ्या दांडीवर दोन बोटं अंतर सोडून, वाऱ्याच्या खोलीत टांगतो. पत्र्याच्या शेडमध्ये टांगू नका, एप्रिल-मेच्या उन्हात मेण मऊ होऊन पोळं लोंबतं. कुणाकडे डीप फ्रीजर असेल तर फ्रेमा एक दिवस त्यात ठेवल्या की अंडीसुद्धा मरतात, मग हवाबंद पिशवीत भरायच्या. गंधकाचा धूर बरेच जण देतात. त्याने अळी आणि पतंग मरतात, अंडी मरत नाहीत. म्हणून दोन-तीन आठवड्यांनी परत द्यावा लागतो. डांबराच्या गोळ्या मात्र कधीच नाहीत. त्या मेणात मुरतात आणि पुढच्या वर्षी मधात उतरतात.

एवढं करूनही लूट सुरू झालीच तर? ओळखायची खूण म्हणजे माशी दारासमोर सरळ न उतरता डावीउजवी हेलकावे घेते, दारात कुस्त्या चालतात, खाली मेणाचा भुगा पडतो, आणि दुपार टळली तरी गर्दी कमी होत नाही. कोवळ्या माश्यांचा दुपारचा फेरफटका वेगळा असतो, तो अर्ध्या तासात मिटतो आणि त्यात भांडण नसतं. लूट दिसली की पेटी उघडून बघत बसू नका, वास अजून पसरतो. दार बारीक, ओली चादर, पाणी आणि अंधार पडायची वाट. रात्री शक्य असेल तर ती पेटी तीन किलोमीटरच्या पुढे हलवा.

आपल्याकडे बांधावरून कोर्टात गेलेली माणसं आहेत, पण माशीला बांध कळत नाही. ती दोन-तीन किलोमीटर फिरते. त्या पट्ट्यात कुणाच्या डाळिंबाला तिचा फायदा होतो, कुणाच्या काकडीला होतो, आणि तसंच कुणाच्या पेटीला तोटाही होतो. फायद्याचे आपण भाडं घेतो, तर तोट्याचीही जबाबदारी घ्यायला पाहिजे, असं माझं मत आहे. तीन संध्याकाळी अर्धा अर्धा तास, एवढीच ती जबाबदारी आहे.

तो पेटीवाला यंदाही आला होता. मार्चअखेर मध काढला आणि फ्रेमा संध्याकाळी आत दिल्या. येण्याआधी वहिनींना फोन करून पेट्या कुठे ठेवल्यात ते विचारून घेतलं होतं, आणि स्वतःच्या पेट्या पाटाच्या पलीकडे लावल्या.

माझ्या शेवटच्या सहा पेट्यांवर उद्या संध्याकाळी फ्रेमा चढवायच्या आहेत. जवळपासच्या कुणाला बघायचं असेल तर साडेपाचपर्यंत मळ्यात या. फिक्या रंगाचा पूर्ण बाह्यांचा सदरा घाला, अत्तर-सेंट लावू नका, आणि पेटीच्या दारासमोर उभे राहू नका. चहा घरून मिळेल, साखरेऐवजी मध घालून.